घरातील वायफाय वारंवार मंदावते: कमकुवत सिग्नल आणि व्यत्यय यांचे निदान व निवारण

राउटर बंद करून पुन्हा चालू केला की वायफाय काही तास नीट चालते आणि मग पूर्वीसारखेच अडखळू लागते, ही तक्रार इतकी सर्रास आढळते की अनेक घरांत राउटरचे बटण दाबणे हा रोजचा परिपाठ होऊन बसतो. या उपायाने तात्पुरते बरे वाटते, त्याला कारण आहे. चॅनेलची, म्हणजे राउटर ज्या वारंवारतेवर बोलतो तिची, निवड 'ऑटो'वर ठेवलेली असेल तर बहुतेक राउटर सुरू होताना आसपासच्या नेटवर्कचा अंदाज घेतात आणि त्या क्षणी कमी गर्दीचे दिसणारे चॅनेल धरतात. शिवाय सर्व उपकरणे नव्याने जोडली जातात आणि जी चुकीच्या बँडला (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या वारंवारतेच्या पट्ट्यांपैकी नको त्याला) चिकटून बसली होती तीही सुटी होतात. परंतु शेजारचे राउटरही हेच करत असतात, घरातली उपकरणे पुन्हा इकडेतिकडे होतात, आणि मूळ कारणाला हातच लागलेला नसल्यामुळे दोष परत येतो. हा त्रास कायमचा संपवायचा असेल तर एकही सेटिंग बदलण्यापूर्वी दोष नेमका कोणता आहे हे ठरवावे लागते.

सिग्नल कमकुवत असणे आणि सिग्नलमध्ये व्यत्यय येणे हे दोन वेगळे दोष आहेत. पहिल्यात राउटरची लहर उपकरणापर्यंत पोहोचेपर्यंत क्षीण झालेली असते. दुसऱ्यात ती पुरेशी ताकदीने पोहोचते, परंतु त्याच वारंवारतेवरच्या इतर लहरींत ती नीट वाचता येत नाही, किंवा हवा मोकळी होण्याची वाट पाहण्यातच वेळ जातो. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही आणि कित्येकदा तो अंगावर उलटतो. गर्दीमुळे मंदावलेल्या वायफायवर कोणी एक्स्टेंडर, म्हणजे सिग्नल पुढे पाठवणारा डबा, आणून बसवला तर त्या गर्दीत आणखी एका ट्रान्समीटरची भर पडते. आणि दोन काँक्रीटच्या भिंतींपलीकडे असलेल्या खोलीसाठी कोणी रात्रभर चॅनेल बदलत बसला तर त्याच्या हाती काहीही लागत नाही.

दोष वायफायचा की लाइनचा

एक लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडावा, त्याचे वायफाय बंद करावे आणि ज्या वेळी त्रास होतो नेमक्या त्याच वेळी स्पीड टेस्ट घ्यावी. सकाळी निवांत वेळी घेतलेली चाचणी संध्याकाळच्या तक्रारीबद्दल काहीच सांगत नाही. केबलवरही वेग पडलेला असेल तर वायफायच्या मागे लागण्यात अर्थ नाही, कारण दोष सेवा देणाऱ्याच्या लाइनमध्ये, मॉडेममध्ये किंवा घरातच चाललेल्या एखाद्या मोठ्या अपलोडमध्ये आहे. ही शेवटची शक्यता फार कमी जणांच्या ध्यानात येते. अपलोडची सगळी क्षमता वापरली जाऊ लागली की मॉडेम किंवा राउटर पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, रांगेत साठवतो, त्या रांगेत साध्या वेबपानाची मागणीसुद्धा मागे अडकते, व्हिडिओ कॉल तुटू लागतो, आणि फोनमधल्या फोटोंचा बॅकअप पार्श्वभूमीवर चालू असल्याचे कोणाला ठाऊकही नसते. अशा वेळी राउटरमधील क्यूओएसची, म्हणजे कोणत्या डेटाला किती वाव द्यायचा ते ठरवण्याची, सोय वापरून अपलोडवर मर्यादा घालणे हा खरा उपाय असतो.

केबलवर सारे ठीक असेल तर पुढची चाचणी पिंगची, म्हणजे छोटे पॅकेट पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजण्याची. वायफायला जोडलेल्या लॅपटॉपवर कमांड विंडो उघडावी आणि राउटरच्या स्वतःच्या पत्त्यावर, जो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, सतत पिंग चालू ठेवावे. यात पॅकेट इंटरनेटवर जातच नाही, ते फक्त लॅपटॉप ते राउटर एवढेच अंतर हवेतून कापून परत येते, आणि म्हणूनच ही चाचणी इतकी मोलाची आहे. निरोगी वायफायवर उत्तर साधारणपणे १ ते ५ मिलिसेकंदांत येते. पडद्यावर ओळी उतरत असताना २, ३, २, ४ असे आकडे दिसता दिसता एकदम १८०, मग ४१०, मग 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आणि पुन्हा ३ असे दिसू लागले, तर दोष घरातल्या हवेतच आहे याबद्दल शंका उरत नाही. चाचणीच्या वेळी लॅपटॉप चार्जरला लावलेला असावा, कारण बॅटरीवर असताना वीज वाचवण्यासाठी वायफाय कार्ड मधूनमधून निद्रावस्थेत जाते आणि आकडे विनाकारण वाढलेले दिसतात.

याच टप्प्यावर राउटरच्या सेटिंगच्या पानावर 'अपटाइम', म्हणजे राउटर सलग किती वेळ चालू आहे, तो पाहून घ्यावा. कोणी हात लावलेला नसताना तो काही तासांपूर्वीच शून्यापासून सुरू झालेला दिसला तर राउटर आपोआप रीस्टार्ट होत आहे. त्यामागे थकलेला पॉवर अॅडॉप्टर, सैल पिन किंवा बंद कपाटात साठलेली उष्णता असू शकते, आणि सिग्नलचा त्याच्याशी काही संबंध नसतो.

सिग्नलची ताकद आकड्यांत

फोनच्या कोपऱ्यातील वायफायच्या चिन्हावर विसंबून राहू नये. ते चिन्ह प्रत्येक कंपनी आपापल्या हिशेबाने रंगवते आणि गर्दी किंवा व्यत्यय यांबद्दल ते अवाक्षरही सांगत नाही. सिग्नल डीबीएम या एककात मोजावा. हे आकडे उणे असतात आणि शून्याच्या जितके जवळ तितका सिग्नल बलवान. ३ डेसिबल उतरले की ताकद निम्मी होते, १० उतरले की एक दशांश, म्हणजे उणे ५० आणि उणे ७० यांच्यात तब्बल शंभरपटीचा फरक असतो. उणे ५० च्या आसपास सिग्नल उत्तम, उणे ६० पर्यंत चांगला समजावा. आवाज आणि व्हिडिओ कॉलसाठी उणे ६७ ही सर्वसाधारणपणे धरली जाणारी मर्यादा आहे, उणे ७० च्या खाली वेग स्पष्टपणे घसरतो आणि उणे ८० ला जोडणी केवळ नावापुरती उरते.

अँड्रॉइडवर वायफाय अॅनालायझर प्रकारची अनेक मोफत अॅप हा आकडा दाखवतात. आयफोनवर अॅपलच्या एअरपोर्ट युटिलिटी या अॅपचा वायफाय स्कॅनर फोनच्या सेटिंगमधून चालू करता येतो. मॅकवर ऑप्शन कळ दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक केले की सिग्नलबरोबरच नॉइजचाही, म्हणजे पार्श्वभूमीच्या गोंगाटाचा, आकडा दिसतो, जो घरात बहुधा उणे ९० ते उणे ९५ च्या दरम्यान असतो. या दोन आकड्यांत किमान २० ते २५ डेसिबलचे अंतर हवे. विंडोजवर वायफायची स्थिती पाहण्याची कमांड टक्केवारी देते, परंतु तिचा हिशेब सोपा आहे: टक्के निम्मे करून त्यातून १०० वजा करावेत. ८० टक्के म्हणजे सुमारे उणे ६० डीबीएम आणि ५० टक्के म्हणजे उणे ७५. हे एकदा माहीत झाले की ५० टक्के सिग्नल असूनही व्हिडिओ का अडकतो याचे नवल वाटत नाही.

आता फोन हातात घेऊन राउटरपाशी उभे राहावे आणि त्रासाच्या खोलीकडे सावकाश चालत जावे, प्रत्येक ठिकाणी काही सेकंद थांबून. राउटरपाशी उणे ३८, दारात उणे ४९, भिंत ओलांडताच उणे ६३ आणि आरशाच्या कपाटामागे उणे ७४ असे आकडे दिसले, तर नेमकी कोणती वस्तू किती डेसिबल गिळते आहे हे तिथल्या तिथे उघड होते. मोजताना फोन छातीशी धरून राउटरकडे पाठ करू नये, कारण शरीरात पाण्याचा अंश मोठा असल्यामुळे तेही लहरी शोषते.

निदानाचा गाभा येथे आहे. ज्या जागी वायफाय अडखळते तिथे आकडा उणे ७५ असेल तर दोष सिग्नलच्या ताकदीचा आहे. तिथेच आकडा उणे ५० आहे आणि तरीही राउटरचे पिंग उड्या मारत असेल तर दोष गर्दीचा किंवा व्यत्ययाचा आहे. वेळेचाही विचार करावा. भिंतीची जाडी संध्याकाळी वाढत नसते, त्यामुळे जो त्रास ठरावीक वेळीच होतो आणि एरवी त्याच खोलीत, त्याच उपकरणावर मागमूसही नसतो, तो बहुधा व्यत्ययाचा असतो. चोवीस तास एकाच कोपऱ्यात होणारा त्रास बहुधा सिग्नलचा असतो.

राउटरची जागा

कमकुवत सिग्नलवर पहिला आणि सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे राउटर हलवणे, आणि दुर्दैवाने सर्वांत जास्त टाळला जाणारा उपायही हाच आहे. इंटरनेटची केबल घरात ज्या कोपऱ्यातून शिरते तिथेच राउटर ठेवला जातो, आणि मग त्याची निम्मी शक्ती बाहेरच्या भिंतीपलीकडे वाया जाते. मोकळ्या जागेतही अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल जातात, आणि त्यावर भिंतींची भर पडते. जिप्समच्या पातळ पार्टिशनमध्ये ३-४ डेसिबल जातात, विटांच्या भिंतीत त्याहून बरेच जास्त, आणि सळयांच्या काँक्रीटमध्ये १५ किंवा त्याहूनही अधिक जाऊ शकतात. ५ गिगाहर्ट्झवर हे नुकसान २.४ पेक्षा मोठे असते. लहर भिंतीतून तिरकी जात असेल तर तिला प्रत्यक्षात अधिक जाडी ओलांडावी लागते, त्यामुळे नकाशावर एकच भिंत दिसत असली तरी लांबट बोळाच्या टोकाची खोली कोरडी राहते.

धातू ही तर भिंतच. आरशामागचा थर, लोखंडी कपाट, फ्रिज, टीव्हीची मागची बाजू, उष्णता अडवणाऱ्या काचेवरचा धातूचा लेप, या सगळ्यांवरून लहर परावर्तित होते. माशांची मोठी टाकी किंवा पाण्याची टाकी ती शोषून घेते. म्हणून राउटर घराच्या शक्य तितक्या मध्यभागी, डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर असावा. टीव्हीच्या मागे, कपाटाच्या आत किंवा जमिनीवर तो नसावा. केबल तिथवर पोहोचत नाही ही अडचण खरी आहे, पण ती सोडवणे अवघड नाही: मॉडेम जागेवर ठेवून तिथून लॅन केबल टाकावी आणि राउटर मध्यभागी आणावा. कॅट ५ई दर्जाची केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिटचा वेग देते, त्यामुळे घरातल्या अंतराने काही बिघडत नाही. मॉडेम आणि राउटर एकाच डब्यात असतील तर आतले वायफाय बंद करून केबलच्या टोकाला वेगळा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवरून आलेले इंटरनेट वायफायने पसरवणारा डबा, बसवावा.

बाहेरचे अँटेना असतील तर त्यांची दिशा समजून घ्यावी. अशा अँटेनाची लहर त्याच्या बाजूंना चहूकडे पसरते आणि टोकाच्या दिशेने सर्वांत कमी जाते. एकाच मजल्यावर पसरलेल्या घरात अँटेना उभे ठेवावेत. वरच्या मजल्यावरही सिग्नल न्यायचा असेल तर त्यांपैकी एखादा आडवा करून पाहावा. अँटेनाचे टोक लॅपटॉपकडे रोखून धरणे ही समजूत मात्र सोडून द्यावी. आणखी एक बारकावा असा की २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर आणि ५ गिगाहर्ट्झची साधारण ६ सेंटिमीटर असते, आणि खोलीत परावर्तित झालेल्या लहरी काही ठिकाणी एकमेकींना मारक ठरतात. त्यामुळे टेबलाच्या एका कडेला मृत वाटणारी जागा वीतभर सरकल्यावर जिवंत होऊ शकते. राउटर किंवा लॅपटॉप थोडासा हलवून पुन्हा मोजणे यात वेळ वाया जात नाही.

राउटरची ट्रान्समिट पॉवर वाढवण्याचा मोह पुष्कळांना होतो. संवाद दुतर्फा असतो हे त्यात विसरले जाते. राउटर कितीही जोरात असला तरी फोनचा ट्रान्समीटर लहान असतो, त्याचे उत्तर राउटरपर्यंत पोहोचले नाही तर फोनवर सिग्नल भरलेला दिसूनही पान उघडत नाही.

२.४ गिगाहर्ट्झवरची गर्दी

या बँडची अडचण त्याच्या रचनेतच आहे. बहुतेक देशांत त्यात ११ किंवा १३ चॅनेल दिसतात, पण दोन शेजारच्या चॅनेलांत फक्त ५ मेगाहर्ट्झचे अंतर असते आणि प्रत्येक नेटवर्क सुमारे २० मेगाहर्ट्झ जागा व्यापते. चॅनेल १ हे २४१२, चॅनेल ६ हे २४३७ आणि चॅनेल ११ हे २४६२ मेगाहर्ट्झवर बसते, आणि एकमेकांवर न चढणारी अशी ही तीनच ठिकाणे नेहमी वापरली जातात.

येथे एक गोष्ट सहज पटत नाही, म्हणून ती सविस्तर सांगणे आवश्यक आहे. अॅनालायझरमध्ये १, ६ आणि ११ वर पाच-पाच नेटवर्क दिसतात आणि ३ किंवा ४ रिकामे दिसते. मग आपण तिथे जावे असे वाटते. तसे करू नये. एकाच चॅनेलवर असलेली नेटवर्क एकमेकांची पॅकेट ओळखतात आणि पाळीपाळीने पाठवतात, त्यामुळे वेग विभागला जातो पण पॅकेट शाबूत राहतात. ३ वर बसलेला राउटर मात्र १ आणि ६ या दोहोंवर अर्धवट चढतो. त्यांना त्याची पॅकेट नीट वाचता येत नाहीत, त्याला त्यांची येत नाहीत, दोघांच्याही लेखी तो केवळ गोंगाट असतो, आणि पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवण्यात सर्वांचाच वेळ जातो. तेव्हा १, ६ आणि ११ यांपैकी ज्यावर इतरांचे सिग्नल सर्वांत क्षीण आहेत ते निवडावे. नेटवर्कांची नुसती संख्या मोजू नये. उणे ५५ वर ऐकू येणारा एकच शेजारी उणे ८८ वरच्या चौघांपेक्षा जास्त जड जातो.

निवडलेले चॅनेल हाताने ठरवून द्यावे आणि 'ऑटो' काढून टाकावे. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी. ४० मेगाहर्ट्झ केल्यावर वेगाचा आकडा दुप्पट दिसतो, परंतु बँडचा मोठा भाग अडवला जातो आणि आपण स्वतःच दुप्पट व्यत्यय ओढवून घेतो. सुरक्षेची जुनी टीकेआयपी पद्धत चालू राहिली असेल तर तीही बदलून डब्ल्यूपीए२ एईएस किंवा डब्ल्यूपीए३ करावी, कारण टीकेआयपीवर ८०२.११एन या वायफायच्या मानकाचा किंवा त्यापुढचा वेग मिळत नाही, जोडणी ५४ मेगाबिटच्या वर जात नाही आणि कारण मात्र सापडत नाही.

गर्दी म्हणजे केवळ किती उपकरणे आहेत असा हिशेब नसतो, तर प्रत्येक उपकरण हवा किती वेळ अडवते असा असतो. एकाच नळावर रांग असावी आणि त्यात एकाने अरुंद तोंडाची बाटली आणावी, तशी दूरच्या खोलीतल्या मंद उपकरणाची गत असते: ते तेवढाच डेटा घ्यायला पाचपट वेळ लावते आणि राउटरशेजारी बसलेल्या वेगवान लॅपटॉपलाही ताटकळत ठेवते. म्हणून एखाद्या कोपऱ्यातला क्षीण कॅमेरा सुधारला की सगळ्या घराचे वायफाय सुधारल्यासारखे वाटते, आणि ते खरोखरच सुधारलेले असते. घरात १९९९ च्या ८०२.११बी काळातले उपकरण नसेल तर राउटरमध्ये त्या जुन्या पद्धतीचा आधार बंद करावा. राउटर आपल्या अस्तित्वाची सूचना देणारी बीकन सेकंदाला सुमारे दहा वेळा सोडतो आणि ती सर्वांत कमी वेगाने जातात. तो वेग १ मेगाबिट असताना हवेचा वाजवीपेक्षा जास्त वेळ त्यातच संपतो. पाहुण्यांसाठी म्हणून काढलेली आणि कोणी न वापरणारी जादा नेटवर्क नावे याच कारणासाठी बंद करावीत, कारण प्रत्येक नावाची बीकन वेगळी असतात.

वायफाय नसलेले व्यत्यय

अॅनालायझर अॅप फक्त वायफाय नेटवर्क दाखवते. इतर उपकरणांच्या लहरी त्याला दिसत नाहीत, आणि म्हणून आलेख स्वच्छ असूनही पिंग अडखळताना आढळते. मायक्रोवेव्ह ओव्हन सुमारे २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे वायफायच्या २.४ बँडच्या ऐन मध्यावर. त्याच्या दाराच्या कडांतून होणारी अल्प गळती आरोग्याच्या मर्यादेत असली तरी वायफायच्या क्षीण सिग्नलपुढे ती प्रचंड असते. खात्री करणे सोपे आहे. लॅपटॉप २.४ बँडवर जोडून राउटरला सतत पिंग लावावे, मायक्रोवेव्हमध्ये पाण्याचा पेला ठेवून तो एक मिनिट चालवावा आणि आकड्यांकडे पाहावे. ओव्हन रिकामा कधीही चालवू नये. ओव्हन सुरू होताच आकडे फुगले आणि थांबताच २-३ वर परतले तर गुन्हेगार सापडला. राउटर त्याच्यापासून दूर न्यावा आणि स्वयंपाकघराजवळची उपकरणे ५ गिगाहर्ट्झवर हलवावीत.

यूएसबी ३ चा उपद्रव त्याहून कमी परिचित आणि म्हणून जास्त छळणारा आहे. या पोर्टवर डेटा वाहत असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रुंद गोंगाट उठतो, आणि इंटेलने २०१२ मध्ये याविषयी तांत्रिक टिपण प्रसिद्ध केले होते. लॅपटॉपला बाहेरची हार्ड डिस्क जोडली की वायफाय मंदावते आणि वायरलेस माउस अडखळतो, डिस्क काढली की दोन्ही सुरळीत होतात, असे दिसले तर कारण हेच. राउटरच्या पाठीवरच यूएसबी डिस्क लावून ठेवली असेल तर तिचा त्रास साऱ्या घराला होतो. चांगल्या शील्डिंगची केबल, डिस्क थोडी लांब ठेवणे, किंवा माउसचा डोंगल छोट्या एक्स्टेन्शन केबलने बाजूला नेणे एवढ्याने बहुधा भागते.

ब्लूटूथही २४०२ ते २४८० मेगाहर्ट्झमध्येच चालते, पण त्याची लहर सेकंदाला १६०० वेळा जागा बदलते आणि २००३ च्या १.२ आवृत्तीपासून व्यग्र जागा टाळतेही, त्यामुळे त्यावर लगेच संशय घेण्याचे कारण नाही. जुने कॉर्डलेस फोन, बाळावर लक्ष ठेवणारे मॉनिटर आणि ॲनालॉग वायरलेस कॅमेरे मात्र सतत प्रसारण करतात आणि एकटेच चॅनेल निकामी करू शकतात. अशी उपकरणे एकेक करून बंद करावीत आणि प्रत्येक वेळी पिंगकडे पाहावे. एकदम सगळी बंद केली तर दोषी कोण ते कळत नाही.

५ गिगाहर्ट्झ आणि त्यापुढे

व्यत्ययाचा त्रास असलेल्या घरात ५ गिगाहर्ट्झवर जाणे हा बहुतेकदा सर्वांत थेट उपाय असतो, कारण तिथे एकमेकांवर न चढणारी चॅनेल कितीतरी जास्त आहेत आणि मायक्रोवेव्ह किंवा ब्लूटूथचा तिथे शिरकाव नाही. भिंतींपलीकडे तो कमी जातो, हा त्याचा दोष दाट वस्तीत गुणही ठरतो, कारण शेजाऱ्यांचा सिग्नलही आपल्यापर्यंत कमीच येतो. दोन्ही बँडना एकच नाव दिलेले असेल तर उपकरण दूरवर गेल्यावर २.४ धरते आणि राउटरजवळ परतल्यावरही बऱ्याचदा ते सोडत नाही. निदान चालू असेपर्यंत तरी दोन्ही बँडना वेगळी नावे द्यावीत, म्हणजे आपण कशावर आहोत याची खात्री राहते.

५ गिगाहर्ट्झवर अधूनमधून नेटवर्कच नाहीसे होत असेल तर चॅनेल क्रमांक पाहावा. ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ या चॅनेलांवर रडार यंत्रणांना प्राधान्य आहे. राउटरला तिथे प्रसारण सुरू करण्यापूर्वी किमान एक मिनिट ऐकावे लागते, आणि मध्येच रडारसारखी लहर जाणवली तर ते चॅनेल तत्काळ सोडून अर्धा तास त्यावर परत येता येत नाही. विमानतळ, बंदर किंवा हवामान केंद्राजवळच्या घरांत हे वारंवार घडते. तिथे ३६ ते ४८ मधले चॅनेल हाताने ठरवून दिले की प्रश्न मिटतो. रुंदी ८० मेगाहर्ट्झ चालते, पण शेजार दाट असेल तर ४० अधिक स्थिर राहते. वायफाय ६ई आणि वायफाय ७ ची उपकरणे जिथे परवानगी आहे तिथे ६ गिगाहर्ट्झचा मोकळा बँड वापरू शकतात. अर्थात राउटर आणि फोन दोन्ही त्या पिढीचे हवेत.

एक्स्टेंडर, मेश आणि केबल

राउटर मध्यभागी आणूनही लांबची खोली उणे ७५ च्या खालीच राहिली तर दुसरे प्रसारण केंद्र लागते. साधा एक्स्टेंडर हा त्यातला स्वस्त पर्याय आहे, आणि तो जवळजवळ नेहमी चुकीच्या जागी लावलेला आढळतो, म्हणजे जिथे सिग्नल नाही त्याच खोलीत. तिथे त्याला पुढे पाठवण्यासाठी काही मिळतच नाही. तो वाटेत, जिथे राउटरचा सिग्नल अजून उणे ६५ च्या वर आहे, अशा जागी लावावा. एकाच बँडवर चालणारा एक्स्टेंडर प्रत्येक पॅकेट हवेत दोनदा पाठवतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो, हे गृहीत धरूनच तो घ्यावा. मेश संच, म्हणजे एकमेकांशी जोडून चालणारी अनेक प्रसारण केंद्रे, राउटरशी बोलण्यासाठी वेगळा रेडिओ वापरत असेल तर तो बराच उजवा ठरतो, पण त्याच्या घटकांनाही हेच जागेचे नियम लागू आहेत.

माझे स्पष्ट मत असे आहे की जिथे एक लॅन केबल नेता येते तिथे बाकीच्या सर्व पर्यायांचा विचार थांबवावा. घरात पडून असलेला जुना राउटरही त्या टोकाला ॲक्सेस पॉइंट म्हणून उत्तम चालतो. त्याचा डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) बंद करावा, त्याचा पत्ता मुख्य राउटरच्या मालिकेतला पण वेगळा ठेवावा, केबल त्याच्या वॅन (इंटरनेटच्या) पोर्टऐवजी लॅन पोर्टमध्ये लावावी, नेटवर्कचे नाव आणि पासवर्ड तेच द्यावेत आणि चॅनेल मात्र वेगळे द्यावे: मुख्य राउटर १ वर असेल तर हा ६ किंवा ११ वर. एका केंद्रावरून दुसऱ्याकडे कधी जायचे हे फोन स्वतः ठरवतो. तो जुन्या केंद्राला नको तितका वेळ चिकटून राहत असेल तर दोन्हींची ट्रान्समिट पॉवर थोडी कमी करावी, म्हणजे त्यांची क्षेत्रे एकमेकांत फार शिरत नाहीत आणि फोन वेळेवर बदल करतो. केबल नेलीच की टीव्ही आणि डेस्कटॉप यांसारखी एका जागी बसणारी उपकरणेही तिच्यावरच घ्यावीत, त्यामुळे हवेत फोन आणि लॅपटॉप यांच्यासाठी जागा उरते.

एकाच उपकरणाला त्रास होत असेल तर

त्याच जागी ठेवलेला दुसरा फोन सुरळीत चालत असेल तर राउटरला दोष देऊ नये. लॅपटॉपचे अँटेना बहुधा पडद्याच्या कडेत असतात, त्यामुळे झाकण मिटून बाहेरचा मॉनिटर लावला की सिग्नल पडतो. फोनवरचे धातूचे किंवा चुंबक असलेले कव्हर काढून पुन्हा मोजावे. वायफाय कार्डचा ड्रायव्हर आणि राउटरचे फर्मवेअर (त्यातले सॉफ्टवेअर) अद्ययावत करावे, आणि विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधील 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या' या अर्थाची खूण काढून टाकावी. डेस्कटॉपच्या मागच्या बाजूला लावलेला यूएसबी वायफाय अॅडॉप्टर धातूच्या पेटीच्या आडोशाला आणि यूएसबी ३ पोर्टांच्या शेजारी, अशा दुहेरी अडचणीत असतो. त्याला मीटरभराची एक्स्टेन्शन केबल जोडून टेबलावर आणावे आणि पिंग पुन्हा लावून पाहावे.